‘ब’ तुकडीतला कर्णधार

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. देवापुढं दिवा लावून मी कणीक मळायला घेतली आणि दारात चपला वाजल्या. आमच्या बचत गटातली एक बाई पदरानं डोळे पुसतच आत आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तिचं नाव इथं घेत नाही. रेणापूर ते केवढं, नाव घेतलं की घर कळतं.

“ताई, लेकरू फोनवर रडायलंय. घरी येतो म्हणायलंय. काय करावं, तुम्हीच सांगा.”

तिचं लेकरू म्हणजे आमच्या गल्लीचं कौतुक. दहावीला शाळेत पहिला आलेला. निकालाच्या दिवशी तिनं गल्लीभर पेढे वाटले होते. मग लातूरचा एक मोठा क्लास, तिथलंच वसतिगृह. सोयाबीनचे सगळे पैसे त्यात गेले, वर भावाकडून उसने घेतले. रेणापूरहून लातूर एसटीनं अर्ध्या-पाऊण तासावर. पण लेकराच्या अभ्यासात खंड नको म्हणून त्याला तिथंच ठेवलं. चार महिन्यांनी क्लासमध्ये मोठी परीक्षा झाली. गुणांप्रमाणे मुलांच्या तुकड्या नव्यानं पाडल्या आणि याद्या भिंतीवर लावल्या. शाळेत कायम पहिला असणारा हा पोरगा शेवटच्या तुकडीत गेला. त्या दिवसापासून नीट जेवत नव्हता. बाप म्हणत होता, “भरलेले पैसे परत मिळत नाहीत. मुकाट शिक म्हणावं.”

मैत्रिणींनो, समाजकार्य करते म्हणून बायका माझ्याकडे येतात. पण माझ्याकडे काही जादूची कांडी नाही. मी तिला पाणी दिलं आणि चहा टाकला. तेवढ्यात कोपऱ्यात मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला माझा धाकटा मुलगा मान वर न करता म्हणाला, “आई, सुनील छेत्रीलापण असंच केलं होतं. तो तर भारताचा कॅप्टन होता.”

आता आमच्या भागात फुटबॉल कोण बघतं? पोरं क्रिकेट खेळतात, कबड्डी, फार तर व्हॉलीबॉल. मला तर फुटबॉल म्हणजे एका चेंडूमागं बावीस जण धावतात एवढंच ठाऊक. पण त्या रात्री जेवणं झाल्यावर मी मुलाला म्हटलं, “सांग रे बाबा, कोण तो छेत्री आणि काय झालं त्याचं?” त्यानं सांगितलं, मग मीही थोडं वाचलं. ती हकिकत मला आपल्या घरातलीच वाटली, म्हणून आज तुम्हाला सांगते.

कबड्डीत चढाई करणारा खेळाडू असतो ना, तसा फुटबॉलमध्ये स्ट्रायकर. सगळ्यांत पुढं राहून गोल करायचा, हे त्याचं मुख्य काम. बाकीच्यांनी चांगला खेळ केला नाही तर एखादे वेळी लक्षातही येत नाही. स्ट्रायकरचं तसं नाही. गोल झाला की खांद्यावर घेतात, नाही झाला की सगळी बोटं त्याच्याकडे.

सुनील छेत्रीचा जन्म १९८४ चा, सिकंदराबादचा. वडील लष्करात, त्यामुळं सारख्या बदल्या. आणि आपल्या पुरवणीत आवर्जून सांगावं असं म्हणजे त्याची आई सुशीला आणि तिची जुळी बहीण या दोघी नेपाळच्या महिला संघाकडून फुटबॉल खेळलेल्या. म्हणजे पोराला खेळाचं बाळकडू खरोखर आईकडून मिळालेलं! सतराव्या वर्षी, २००२ मध्ये तो कोलकात्याच्या मोहन बागानसारख्या नामांकित क्लबकडून खेळायला लागला. २००५ मध्ये पाकिस्तानात, क्वेट्ट्याला भारतासाठी पहिला गोल केला. पुढं गोव्याच्या डेम्पो क्लबकडूनही खेळला.

मग त्याला वेध लागले परदेशाचे. कारण फुटबॉलची पंढरी युरोपात. आपला सगळ्यांत हुशार मुलगा लातूरला नाही तर पुण्याला जावा असं आपल्याला वाटतं ना, तसंच हे.

पहिल्यांदा २००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबनं त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. पण भारताचा संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून त्याला तिथं काम करायचा परवानाच मिळाला नाही. करार झालेला, आणि दार बंद. दुसऱ्यांदा २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या क्लबनं घेतलं. तिथं त्यांच्या मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळायला मिळाला नाही. त्याच वर्षी तो परत आला.

तिसरी संधी आली २०१२ च्या जुलैत. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. तिथला स्पोर्टिंग क्लब १९०६ सालचा, शंभर वर्षं ओलांडलेला. ज्या रोनाल्डोचे फोटो आपली पोरं दप्तरावर चिकटवतात, तो याच क्लबच्या तालमीत तयार झालेला. दोन वर्षांचा करार झाला. आपल्याकडच्या पेपरांत केवढं कौतुक आलं असेल! मोठ्या घरी सोयरीक जमल्यासारखंच की.

आणि तिथं गेल्यावर काय झालं? पुढं छेत्रीनंच मुलाखतीत हे सांगितलंय. आठवडाभर त्याचा खेळ पाहून मुख्य प्रशिक्षकांनी तोंडावर सांगितलं की तू इथं चालण्यासारखा नाहीस, ‘ब’ संघात जा. ‘ब’ संघ म्हणजे आपल्या शाळेतली ‘ब’ तुकडी. क्लबमधली अठरा-वीस वर्षांची उमेदवार पोरं त्यात खेळतात आणि दुसऱ्या श्रेणीच्या स्पर्धेत उतरतात. छेत्री तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्यातही नशिबाची गंमत बघा. त्याच उन्हाळा-पावसाळ्यात, २०१२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दिल्लीला नेहरू चषकाची स्पर्धा झाली. भारतानं अंतिम सामन्यात कॅमेरूनच्या संघाला हरवून चषक जिंकला आणि कर्णधार होता हाच सुनील छेत्री. म्हणजे इथं देशाचा कर्णधार म्हणून चषक उंचवायचा आणि विमानानं परत जाऊन तिथं पोरासोरांच्या तुकडीत उभं राहायचं! त्या ‘ब’ संघाकडूनही बोटांवर मोजण्याइतकेच सामने त्याच्या वाट्याला आले. गोल एकही नाही.

मला यात सगळ्यांत जास्त काय भावलं सांगू? प्रशिक्षकांचं म्हणणं बरोबर होतं, असं छेत्रीनं नंतर मोकळेपणानं कबूल केलं. तिथल्या खेळाचा वेगच वेगळा होता, आपल्याकडच्या लीगमध्ये त्या वेगाची सवय नव्हती, असं तो म्हणाला. ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं रडगाणं गायलं नाही की ‘मी कुचकामाचा’ असं म्हणून हातपायही गाळले नाहीत. वेग कमी पडला, एवढंच. वेग कमी पडणं हा काही गुन्हा नाही.

आणि दुसरीही एक बाजू होती. ती आपल्याला बाहेरून दिसत नाही. ज्या मोठ्या घरात तो गेला होता त्या घराचीच त्या वर्षी घडी विस्कटली होती. स्पोर्टिंगनं एका मोसमात चार प्रशिक्षक बदलले. वर्षाच्या शेवटी क्लब थेट सातव्या क्रमांकावर गेला. त्यांच्या इतक्या वर्षांच्या इतिहासात इतकी वाईट कामगिरी कधी झाली नव्हती. ज्या घरात रोज कारभारी बदलतो, तिथं नव्या सुनेला कोण विचारणार? बाहेरून चिरेबंदी वाडा दिसतो आणि आत चूलही धड पेटत नसते. लग्नाच्या बाबतीत हे आपण किती वेळा पाहिलंय. मोठं घर म्हणून लेक देतो. माहेरी भाषणात, रांगोळीत, हिशोबात पहिली असलेली पोरगी तिथं कोपऱ्यात बसून लसूण सोलत राहते. मग आपण तिलाच म्हणतो, “तुलाच नीट राहता येत नाही.”

माझंच सांगते. रेणापूरच्या शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मी सोडत नसे. बी. ए. करायला लातूरला कॉलेजात गेले. पहिल्याच स्पर्धेत स्टेजवर उभी राहिले आणि शहरातल्या मुलींचं ते घडाघडा, शुद्ध बोलणं ऐकून माझी जीभच टाळ्याला चिकटली. माझ्या तोंडून ‘करायलाव, जायलाव’ निघालं आणि पुढच्या बाकावर हसू फुटलं. त्यानंतर तीन वर्षांत मी एकदाही स्टेजवर पाऊल ठेवलं नाही. घरी कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बोलायला लागले ती एकदम लग्नानंतर, बचत गटाच्या बैठकीत. समोर दहा बायका, सगळ्या ‘करायलाव, जायलाव’वाल्या. तिथं मला कुणी हसलं नाही. आजही वाटतं, त्या तीन वर्षांत कुणीतरी विचारायला हवं होतं, “बोलायची बंद का झालीस गं?”

तर छेत्रीनं काय केलं? त्याला घरी यायचं होतं. पण करार दोन वर्षांचा. मध्येच सोडून जायचं तर कोट्यवधी रुपये भरून द्यावे लागणार होते. ते कुठून आणायचे? म्हणजे आमच्या त्या बापाच्या ‘भरलेले पैसे परत मिळत नाहीत’चीच ही मोठी आवृत्ती. शेवटी मार्ग निघाला गोव्यातून. २०१३ च्या फेब्रुवारीत मडगावच्या चर्चिल ब्रदर्स क्लबनं त्याला स्पोर्टिंगकडून ‘उसना’ घेतला. हो, फुटबॉलमध्ये खेळाडू उसना देता-घेता येतो. मला हे ऐकून हसूच आलं. आपण शेजारणीला वाटीभर साखर देतो तसं! लिस्बनच्या मानानं मडगाव ते केवढं. पण तिथं त्याला मैदानात उतरवलं, चेंडू पायात दिला आणि तो गोल करायला लागला. त्याच मोसमात चर्चिल ब्रदर्सनं आपली राष्ट्रीय आय-लीग जिंकली.

पुढं तो बंगळुरूच्या नव्या क्लबमध्ये गेला आणि तिथं मात्र पाय रोवून उभा राहिला. क्लबनं पहिल्याच वर्षी, २०१३-१४ मध्ये आय-लीग जिंकली. मधल्या काळात मुंबई सिटीकडूनही खेळला. २०१८ च्या जूनमधला अंधेरीच्या मैदानावरचा प्रसंग काही जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. तैवानच्या संघाविरुद्ध भारत पाच गोलांनी जिंकला, त्यात तीन गोल छेत्रीचे. पण बघायला माणसंच नव्हती. मग त्यानं हात जोडून एक व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन आमचा खेळ बघा, अशा अर्थाचा. पुढचा सामना केनियाविरुद्ध, त्याचा शंभरावा. भर पावसात मैदान गच्च भरलं आणि त्यानं दोन गोल केले. २०२१ मध्ये खेलरत्न मिळालं, फुटबॉलपटूला ते पहिल्यांदाच. २०२४ च्या ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध खेळून त्यानं देशाच्या संघातून निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या नावावर ९४ गोल होते. पुढच्या वर्षी संघाला गरज पडली म्हणून परत आला आणि मालदीवविरुद्ध पंच्याण्णवावा गोलही केला. हे सगळं केलं ते ज्याला आठवड्यात ‘ब’ तुकडीत पाठवलं त्या माणसानं.

हे एकट्या छेत्रीचंच झालं असं नाही. मणिपूरची बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबमध्ये गेली. युरोपात असा व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तीही स्ट्रायकरच. ती गेली आणि दोन महिन्यांत कोरोना आला, खेळच बंद. परक्या देशात, थंडीत, एकटी. पहिला गोल व्हायला डिसेंबर उजाडला. पुढं गुडघा दुखावला आणि परत यावं लागलं. म्हणून ती संपली का? २०२४ च्या सॅफ स्पर्धेत ती पुन्हा भारताच्या संघात होती आणि गोलही करत होती. आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव. रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला, २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळलेला. तोही पुढं इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावाला जाऊन आला. हा क्लब पुण्याच्या वेंकीज कंपनीच्या मालकीचा, बरं का! तिथून येऊन त्यानं इथल्या क्लबांतून खेळ चालू ठेवला. मोठ्या ठिकाणी जाऊन परत येणं म्हणजे नाक कापून येणं नव्हे.

असो. आता आमच्या गल्लीतल्या लेकराकडे येते.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईबरोबर लातूरला गेले. तिनं धपाटे आणि दही बांधून घेतलं होतं. वाटेत तिला एकच सांगितलं, “गेल्यागेल्या मार्कांचं काढू नको. जेवला का, झोपला का, एवढंच विचार.” पोरगा खाली आला. चार महिन्यांत निम्मा झाला होता. आईनं डबा उघडला तसा तिथंच पायरीवर बसून त्यानं एका दमात तीन धपाटे खाल्ले आणि मग ढसाढसा रडला. म्हणाला, “मम्मी, मला येतं सगळं. पण सर पुढं निघून जातेत. माझं लिहून होईपर्यंत फळा पुसला जातोय.”

मी चटकन मनात म्हटलं, हाच तो वेग.

मुलगा काही बुद्दू नव्हता आणि क्लासवालेही काही राक्षस नव्हते. आपल्या लातूर पॅटर्ननं गोरगरिबांची कितीतरी मुलं डॉक्टर-इंजिनियर झालीत, हे कोण नाकारेल? पण दीडशे मुलांच्या वर्गात एका पोराचं लिहून झालं की नाही, हे कुणाला दिसत नाही. आणि रडायला आलं तर घरी फोन करण्याची चोरी, कारण घरच्यांनी सोयाबीन विकलेलं. लातूरमधल्या त्या गल्ल्यांत अशी किती लेकरं खोलीची कडी लावून एकटी बसत असतील, या विचारानं परतताना माझा जीव कासावीस झाला.

त्याला आठ दिवसांसाठी घरी आणलं. बाप दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी त्याला चहाला बोलावलं आणि मी माझ्या मुलाला पुढं केलं. त्यानं आपल्या पद्धतीनं छेत्रीची सगळी कथा बापाला ऐकवली, मोबाईलवर गोलही दाखवले. बाप शेतकरी माणूस. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “म्हणजे रान बदलून बघा म्हणायलाव तुम्ही. एका रानात बी उगवलं नाही तर बी फेकून देत न्हाईत.”

मला एवढं चांगलं सांगता आलं नसतं.

क्लासचे पैसे काही परत मिळाले नाहीत. वसतिगृहाचे थोडे मिळाले. भावाचं उसनं अजून फिटायचंय, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळं गोड झालं. पोरगा आता लातूरलाच एका लहान क्लासला आहे, तीस-पस्तीस मुलांचा. रोज सकाळी एसटीनं जातो, संध्याकाळी आईच्या हातचं खातो. डॉक्टर होईल का? मला माहीत नाही, त्याच्या आईलाही नाही. पण परवा संध्याकाळी त्यांच्या घरी गेले तर ओट्यावर बसून शेजारच्या सातवीतल्या पोरीला गणित शिकवत होता. हळूहळू, तिचं लिहून होईपर्यंत थांबत.

मैत्रिणींनो, या महिन्यात कुणाचं लेकरू शिकायला बाहेर असेल, कुणाची लेक नव्यानं सासरी गेली असेल. फोन लावाल तेव्हा ‘कितवा आलास’ आणि ‘सगळ्यांचं नीट करतेस ना’ हे दोन प्रश्न थोडे मागं ठेवा. आधी विचारा, “जेवलास का?” मग थोडं थांबा. पलीकडून आवाज आला नाही तरी फोन ठेवू नका. एखादे वेळी तिथं ‘ब’ तुकडीत बसलेला एखादा कर्णधार कुणी विचारतंय का, याचीच वाट पाहत असतो.